हुकूमनाम्याच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या वकीलसाहेबांना एक खोड होती. नवा जुनिअर आला की पहिले सहा महिने ते त्याला दावा लिहायला देत नसत, कैफियतही देत नसत. हुकूमनामा लिहायला देत, आणि तोही न लागलेल्या निकालाचा. "समज, आपला पक्षकार सगळंच्या सगळं जिंकला. कोर्ट शेवटी काय लिहील ते लिहून आण. आणि त्याच्या खाली लिही, दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा मला हे काम शिक्षेसारखं वाटायचं. कॉलेजात उलटतपासाची स्वप्नं बघितलेली, आणि इथे रोज संध्याकाळी फुलस्केपवर 'येणेप्रमाणे हुकूम करण्यात येतो'. साहेब कागद वाचत, एखादी ओळ खोडत आणि फाईलला टाचून ठेवत. त्यातले चार कागद मला अजून पाठ आहेत. चारही एकाच घरातले.

आबा आणि तात्या चुलत भाऊ. आजोबांचं रान दोन ठिकाणी होतं. एक ओढ्याकाठचं काळं, दोन एकर, खोल मातीचं. दुसरा वरचा माळ, मुरमाड, क्षेत्रानं मोठा पण पाऊस पडला तर पिकणारा. वाटणी झाली ती तोंडी. चार पंच बसले, सुपारी फुटली, काळं रान तात्यांच्या वडिलांकडे गेलं आणि माळ आबांच्या वडिलांकडे. पुढे गावात जमीन एकत्रीकरण झालं, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले आणि कागदावर नेमकं उलटं उतरलं. माळाच्या गटाला तात्यांच्या वडिलांचं नाव, ओढ्याकाठच्या गटाला आबांच्या वडिलांचं. अशी उदाहरणं महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही. 'रान माझं, सातबारा तुझा' ही त्या दोन घरांत तक्रार नव्हतीच. सोसायटीचं कर्ज काढायचं झालं की हा त्याच्यासाठी सही करायचा, तो ह्याच्यासाठी. चाळीस वर्षं असं चाललं. बहात्तरच्या दुष्काळात काळ्या रानात विहीर खणली, तेव्हा सुरुंग लावताना आबांच्या वडिलांच्या डाव्या हाताचं बोट गेलं. विहीर भावाची, बोट ह्यांचं. त्याची कुठल्या कागदावर नोंद नाही.

मग पुणे-बंगळूर महामार्गाचं सहापदरीकरण निघालं आणि माळ रस्त्याला लागला.

भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावानं येते. ती तात्यांना आली, आणि वाचली तात्यांच्या मुलानं. काही गुंठे रस्त्यात जाऊन ३ एकर १० गुंठे उरत होते, सगळे हायवेच्या तोंडावर. २०१२ साली तात्यांचा दावा दाखल झाला. गट आमच्या नावचा आहे, आबांनी ताबा सोडावा. महिन्याभरात आबांनी दुसरा दावा ठोकला. ओढ्याकाठचा गट आमच्या नावचा आहे, तात्यांनी ताबा सोडावा. शिवाय पहिल्या दाव्याच्या कैफियतीत आबांनी हेही म्हटलं, की बारा वर्षांहून जास्त आमची वहिवाट असल्यानं माळसुद्धा आमचाच. भरपाईचे साडेअकरा लाख वादामुळे न्यायालयात जमा झाले आणि तिथेच राहिले.

पुढची अकरा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही घडतच नाही. निशाणी ५ च्या अर्जावर 'जैसे थे' झालं. मुद्दे निघायला दोन वर्षं गेली. तीन न्यायाधीश बदलले. तोंडी वाटणी डोळ्यांनी बघितलेली शेवटची साक्षीदार म्हणजे तात्यांची आई, ती साक्षीच्या आदल्या पावसाळ्यात वारली. गावाहून तालुक्याला सकाळी एकच एसटी येते. तारखेच्या दिवशी आबा कंडक्टरमागच्या सीटवर आणि तात्या शेवटच्या बाकावर बसत. चाळीस मिनिटं. उतरल्यावर एक जण कोर्टासमोरच्या हॉटेलात चहा घ्यायचा आणि दुसरा तो उठेपर्यंत लिंबाखाली थांबायचा. आबांकडे एक पॉकेट डायरी होती. तारीख, वकील फी, झेरॉक्स, वडापाव. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असे, 'पुढची'.

मी आलो तेव्हा आबांच्या सरतपासाचं शपथपत्र तयार व्हायचं होतं. साहेब सांगत होते, मी लिहीत होतो आणि आबा समोर टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होते.

"सदर मिळकत वादीच्या मालकीची आहे हे माहीत असूनही माझे वडील व त्यांच्या पश्चात मी ती वादीच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, अखंड..."

"थांबा," आबा म्हणाले. "विरुद्ध म्हणजे?"

"म्हणजे त्याचं आहे हे ठाऊक असून, त्याच्या नाकावर टिच्चून खाल्लं. प्रतिकूल कब्जा असाच शाबीत होतो, आबा. प्रेमानं भावानं दिलं होतं म्हणालात तर ती परवानगी होते, आणि परवानगीच्या वहिवाटीतून मालकी मिळत नाही."

"म्हणजे माझ्या बापानं भावाचं दडपलं, असं मी सांगायचं?"

"शपथेवर."

आबांनी टोपी घातली, काढली, परत घातली. "त्या माणसाचं बोट हाय हो त्या विहिरीत," ते म्हणाले. शपथपत्र त्या दिवशी झालं नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला घरचा अभ्यास दिला. तात्या पूर्ण जिंकले असा एक हुकूमनामा आणि आबा पूर्ण जिंकले असा दुसरा. मी रात्री बसून झोकात लिहिले. चतुःसीमा, गट नंबर, तीस दिवसांची मुदत, न दिल्यास दरखास्तीनं ताबा, दाव्याचा खर्च, काही सोडलं नाही. लिहिताना लक्षात आलं नव्हतं ते सकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर आलं. हे दोन निकाल एकमेकांना खोडत नव्हते. कोर्टानं फक्त कागद धरला तर दोन्ही दावे एकाच दिवशी मंजूर होऊ शकत होते. तात्या जिंकले, आबाही जिंकले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली कोर्ट प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं. २००२ पासून ही सोय आहे. बहुतेक पक्षकार तिथे जातात ते एक तारीख ढकलली म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमचं प्रकरण तसंच गेलं. कोर्टाच्याच इमारतीतली एक खोली, गोल टेबल, मध्यस्थ म्हणून एक निवृत्तीकडे झुकलेल्या वकीलबाई. आबा, तात्या, तात्यांचा मुलगा, दोन्हीकडचे वकील आणि कागद धरायला मी. तासभर दोन्ही बाजूंनी २०१२ साल उगाळलं. मग साहेबांनी बाईंची परवानगी घेतली आणि मला म्हणाले, "वाच."

मी तात्यांच्या विजयाचा हुकूमनामा वाचला. तात्यांचा मुलगा खुर्चीत मागे रेलला. मग आबांच्या विजयाचा वाचला. तो पुढे सरकला.

"दोघांचंही अभिनंदन," साहेब म्हणाले. "आता दुसऱ्या दिवशीची सकाळ. बेलीफ येतो. आधी कुणाच्या वस्तीवर जाऊ दे?"

कुणी बोललं नाही. तात्यांची वस्ती, गोठा, विहीर, सात महिन्यांचा ऊस सगळं काळ्या रानात. आबांचं राहतं घर माळावर, आणि बापानं लावलेली आंब्याची झाडं.

"अपील करू आम्ही," मुलगा म्हणाला.

"कर ना. ते पण करतील. जिल्हा कोर्ट, मग हायकोर्ट. तिथेही तुम्ही दोघंच असाल, आणि तिथला निकालही असाच असू शकतो."

मुलगा हिशोबी होता, आणि त्याचा हिशोब खोटा नव्हता हेही सांगितलं पाहिजे. तो बापाला म्हणाला, "माळ घेऊ, काळं सोडू. हायवेच्या आजच्या भावानं आपल्याला परवडतंय." तात्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "परवडतंय," ते म्हणाले. "विहीर उचलून वर न्यायला किती घेशील?"

मग ते अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट आबांशी बोलले. "गुरुवारची पाळी देतो."

पाळी म्हणजे विहिरीच्या पाण्याची. त्या एका वाक्यावर बाकीचं सगळं दीड तासात ठरलं. कायद्याचा वाटा त्यात बघितला तर लहानच, पण वेळेवर आलेला. त्याच वर्षी ३ जानेवारीला राज्य सरकारनं सलोखा योजना काढली होती. एकाच्या नावची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात निदान बारा वर्षं असेल, तर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून करता येत होता. एरवी अशा दस्ताला बाजारभावावर मुद्रांक लागतो, आणि हायवेच्या बाजारभावावर तो कुणाला झेपला नसता. ठरलं ते असं. जो जिथे आहे तो तिथे राहील, नावं तेवढी बदलतील. साडेअकरा लाखांची भरपाई आबांनी सोडली, ती पूर्ण तात्यांना. हायवेची बाजू तात्यांनी सोडली. गुरुवारी विहिरीचं पाणी माळाला. तडजोडीची पुरशिस लिहिताना 'गुरुवार' हा शब्द आबांनी दोनदा वाचून घेतला. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, हे साहेबांनी दोघांना समजावलं, म्हणजे आज रात्री झोप आली नाही तर उद्या माझ्याकडे येऊ नका.

तात्यांचा मुलगा चहाला थांबला नाही. तो आजही नाराज आहे. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही असतो. परतीच्या एसटीत दोघे भाऊ कुठे बसले ते मी बघितलं नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर सोयीची झाली असती. बार असोसिएशनच्या कार्यक्रमात साहेबांना ती सांगायला लावत, तेव्हा तेही इथेच थांबत. पण दस्ताची तयारी करताना नव्यानं काढलेला सातबारा माझ्या हातात होता. आबांच्या नावचा, म्हणजे काळ्या रानाचा. त्यात उजवीकडे, इतर हक्काच्या रकान्यात, एक नाव होतं. आबांची बहीण, आक्का.

वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा भाऊ भोगवटादार म्हणून लागला आणि बहिणीचं नाव इतर हक्कात टाकलं गेलं. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा लिहितात. दस्ताला आक्कांची सही लागणार होती.

"सही काय, येईल की," आबा म्हणाले. "बोलावतो. आता आलीच आहे तर हक्कसोडच करून घेऊ, म्हणजे पुन्हा कटकट नको. दोनशे रुपयांच्या स्टँपवर होतं म्हणे."

आबा त्या दिवसांत तडजोडीचे मोठे भक्त झाले होते. गावात कुणाचा बांधाचा तंटा निघाला की 'कोर्टात काय ठेवलंय' म्हणून स्वतःची डायरी दाखवायचे. आक्का आल्या त्या दिवशी आबांनी आमच्याच ऑफिसात, आमच्याच खुर्चीवर बसून त्यांना शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, इथपासून सगळं ऐकवलं. ही म्हण कुणी काढली माहीत नाही. पण माझ्या वकिलीत मी ती नेहमी त्याच्याच तोंडून ऐकली आहे, ज्याच्या ताब्यात जमीन असते.

आक्का साठीच्या पुढच्या. कापडी पिशवी मांडीवर घेऊन सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तात्यानं काय सोडलं?"

"हायवेचा माळ."

"आणि तू?"

"साडेअकरा लाख सोडलेत," आबा म्हणाले. आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"त्यातले निम्मे माझे होते ना? मग मी आधीच सोडलंय की. न विचारता." त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. "आता माझ्याशी तडजोड करतोयस. त्यात तू काय सोडणार?"

आबा म्हणाले, तुला काय कमी केलं, भाऊबीज कधी चुकवली का, लग्नात सात तोळे घातले ते काय झाड लावून आले होते. आक्कांनी ते मध्ये तोडलं नाही. अदलाबदलीचा दस्त ओढून घेतला, जिथे जिथे फुली होती तिथे सही केली. "तात्याचं कशाला अडवू? त्याचा ह्यात काय दोष." हक्कसोडपत्राला त्यांनी हात लावला नाही.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. साहेबांनी जाताना कानात सांगितलं होतं, "तिसरा हुकूमनामा लिहायचाय तुला. दुसऱ्या दिवसाची ओळ तिलाच विचार." मी विचारलं. आक्का, समजा तुम्ही दावा लावला आणि जिंकलात, तर दुसऱ्या दिवशी माहेर राहील का?

त्या गाडीच्या पाटीकडे बघत होत्या. "माहेर आई होती तोवर. आता दिवाळीला जाते, एक रात्र राहते. निघताना वहिनी पिशवीत शेंगा घालते. किलोभर. शेंगा माळावरच्या."

गाडी आली. पुढची ओळ मी परत आल्यावर लिहिली. आक्का जिंकल्या तर निम्मा माळ आक्कांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बेलीफ कुणाला घराबाहेर काढत नाही, कुणाची विहीर जात नाही. आक्कांचं जे जाणार, ते आधीच गेलेलं.

साहेबांनी तो कागद आबांच्या पुढे ठेवला आणि कायदा सांगितला. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. आक्का त्यात बसत नव्हत्या. २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची ती अट गळाली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की २००५ साली बाप हयात असायला हवा असं काही नाही. तुमच्यात आणि आक्कांत नोंदवलेली वाटणी झालेली नाही. "आबा, ही केस तिनं लढावी अशी आहे. तात्याची नव्हती, हिची आहे. तुम्ही हरणार. आणि वकीलपत्र मी घेणार नाही."

"तुम्हीच म्हणाला होता तडजोड करा."

"करा ना. निम्मं द्या, मी फुकट दस्त लिहितो."

आबा फाईल घेऊन उठले ते दुसऱ्या वकिलांकडे गेले.

आक्कांचा वाटपाचा दावा त्या पावसाळ्यात दाखल झाला. वकील त्यांना तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली बाईला मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट तिला लागत नाही. हे अजून किती आक्कांना माहीत नाही, हे मी रोज बघतो, म्हणून मध्येच सांगितलं. आमचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता. तरी उलटतपासाच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

साक्षीच्या पिंजऱ्यात आक्कांनी पिशवी हातात तशीच ठेवली होती. आबांचे वकील चांगले होते.

"लग्नात तुम्हाला सात तोळे सोनं घातलं, हे खरं आहे काय?"

"खरं आहे."

"दरवर्षी भाऊबीजेला साडी मिळते?"

"मिळते."

"म्हणजे भावानं तुम्हाला कधी अंतर दिलं नाही."

"नाही."

"मग दावा लावण्याआधी तुम्ही भावाकडे हिस्सा मागितला होता काय?"

"त्यानंच बोलावलं होतं. मी गेले, तर त्यानं सही मागितली."

वकिलांनी पुढचा प्रश्न शोधायला कागद चाळला. न्यायाधीशांनी उत्तर टंकलेखकाला सांगितलं, ते हळू आणि स्पष्ट. आबा बाकावर खाली मान घालून डायरी उघडून बसले होते. पेन काढलेलं, लिहिलं काही नव्हतं.

२०२५ मध्ये निकाल लागला. दावा मंजूर, वादीचा निम्मा हिस्सा, प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. सोनं आणि साड्या हा हिस्सा होत नाही, एवढं एका परिच्छेदात.

अपिलाची मुदत तीस दिवसांची, नकलेला लागलेले दिवस वगळून. मुदतीचे चार दिवस राहिले होते तेव्हा आबा आमच्या ऑफिसात आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हातात निकालाची सहीशिक्क्याची नक्कल होती.

"अपील चालतंय म्हणतात आमचे वकील," ते म्हणाले. "तुम्ही घ्यावं म्हणून नाही आलो, साहेब. ह्या पोराला तेवढा माझा कागद लिहायला सांगा. जिंकल्याचा."

साहेबांनी मान हलवली. मी फुलस्केप घेतला. अपील मंजूर. खालच्या न्यायालयाचा निकाल व हुकूमनामा रद्द. वादीचा दावा खर्चासह नामंजूर. मग सवयीनं खाली लिहिलं, 'दुसऱ्या दिवशी सकाळी', आणि थांबलो.

"लिही की," आबा म्हणाले.

मी कागद आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. आबांची शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मात्र वळणदार, त्या डायरीत मी बघितलेलं. त्यांनी पेन धरलं. बाहेर पट्टेवाला कुणाचं तरी नाव तीनदा पुकारत होता. आबांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची चार घड्यांची पुडी केली, बंडीच्या खिशात घातली आणि टोपी नीट करून बाहेर पडले. ती ओळ कोरीच होती.

मुदत संपल्यावर मी जिल्हा न्यायालयात चौकशी केली. अपील दाखल झालेलं नव्हतं.

मोजणी आणि वाटप झाल्यावर माळाच्या गटाचा नवा सातबारा निघाला. क्षेत्र ०.६५ हेक्टर-आर, जुन्या भाषेत साधारण १ एकर २५ गुंठे. भोगवटादाराच्या रकान्यात आक्कांचं नाव आहे. इतर हक्काचा रकाना रिकामा आहे.